दहापैकी किती?

पेन क्लिनिकमध्ये गेलेल्या माणसाला पहिल्याच भेटीत एक प्रश्न हमखास विचारला जातो. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही आणि दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही, तर तुमचं दुखणं किती? विचारणाऱ्याला हा प्रश्न सोपा वाटतो. ज्याला उत्तर द्यायचे तो मात्र गोंधळतो. आत्ताचे सांगायचे की रात्रीचे? बसल्या जागी की जिना उतरताना? सातारा-सांगलीकडच्या एखाद्या आजी सरळ ‘बारा’ म्हणून मोकळ्या होतात. दहाच्या पुढे जायचे नसते असे सुनेने समजावले, की म्हणतात, ‘मग तुमचं तुम्हीच लिवा.’ डॉक्टर आठ लिहितात.

तापाला थर्मामीटर आहे, रक्तदाबाला पट्टा आहे, साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगायला एचबीए१सी आहे. दुखण्याला रुग्णाच्या तोंडाखेरीज दुसरे काही नाही. गोळीचा डोस, शस्त्रक्रियेचा निर्णय, नव्या उपचाराची चाचणी, नुकसानभरपाईचा दावा, सगळे त्या आठावर उभे असते. आणि त्या आठावर कुणाचा पुरता विश्वास नसतो. एमआरआय स्वच्छ आला की ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहेत’ हे वाक्य येते आणि घरातल्यांच्या नजरा बदलतात. भांडी घासायची वेळ आली की कंबर धरते, लग्नाला जायचे म्हटले की बरी सुटते, असे शेरे कानावर पडू लागतात. वर्षानुवर्षे दुखणे अंगावर काढणाऱ्या बाईला दुखण्याइतकेच हे शेरे छळतात.

मेंदूत दुखण्याची खूण सापडावी ही धडपड म्हणून समजण्यासारखी आहे. खूण सापडली, तर तिथेच वीज पोहोचवून दुखणे शमवता येईल, ही तिच्या पाठोपाठची आशा. हे पुस्तक या दोन्हींविषयी आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना वाचकाला माझा पक्षपात वजा करता येईल. मेंदूतली खूण ओळखणारे प्रत्येक यंत्र रुग्णाने सांगितलेल्या आकड्यावरूनच शिकलेले असते. त्यामुळे ते रुग्णाची बाजू मांडू शकेल, पण रुग्णाला खोटे पाडण्याचा अधिकार त्याला पोहोचत नाही.

देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एक चित्र आहे. विस्तवाजवळ पाय गेलेला मुलगा, आणि त्याच्या पायापासून मेंदूपर्यंत गेलेला एक धागा. खाली दोरी ओढली की वर घंटा वाजते, तसे हे काम चालते असे देकार्तचे म्हणणे. पुढची तीनशे वर्षे वैद्यकाने ही दोरी सोडली नाही. जेवढी जखम तेवढे दुखणे, हा हिशेब इतका सरळ होता की त्यात न बसणाऱ्या गोष्टींकडे काणाडोळा झाला. अमेरिकेच्या यादवी युद्धात पाय कापावे लागलेल्या सैनिकांना त्याच पायाची बोटे दुखत. सायलस वेअर मिचेल या डॉक्टरांनी त्याच्या नोंदी करून ठेवल्या आणि ‘फँटम लिंब’ हे नाव दिले. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या डॉक्टरांना उलटाच अनुभव आला. गंभीर जखमी झालेल्या सैनिकांना त्यांनी वेदनाशामक हवे का असे विचारले, तर बहुतेकांनी नको म्हटले. एकीकडे दुखायला अवयवच नाही आणि दुखते आहे. दुसरीकडे देहाची चाळण झाली आहे आणि दुखत नाही.

१९६५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांचा लेख आला आणि या प्रकरणाला वळण लागले. मेलझॅक मानसशास्त्रज्ञ, वॉल शरीरक्रियाशास्त्रज्ञ. त्यांचे म्हणणे असे, की मज्जारज्जूत शिरताना दुखण्याच्या संदेशाला एक फाटक लागते. स्पर्शाचे संदेश जाड, वेगवान तंतूंतून येतात, दुखण्याचे संदेश बारीक, संथ तंतूंतून. जाड तंतूंची वर्दळ वाढली की फाटक लोटले जाते. गुडघा टेबलाला आपटला की आपण नकळत चोळतो आणि बरे वाटते, त्याचे कारण हे. शिवाय फाटक किती उघडे ठेवायचे याचे हुकूम वरून, मेंदूकडूनही सुटतात. सिद्धान्तातले कितीतरी तपशील पुढे चुकीचे ठरले. पण मज्जारज्जू म्हणजे नुसती नळी नव्हे, तिथे दुखण्यात फेरफार होतो, हे त्यातले मूळ म्हणणे टिकले.

चोळण्याने फाटक बंद होत असेल, तर वीज वापरून चोळता येईल का? विजेने दुखणे घालवण्याची कल्पना काही तेव्हाची नव्हती. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने संधिवाताच्या रुग्णासाठी लिहून ठेवलेला उपाय असा: समुद्रकाठच्या ओल्या वाळूत जिवंत काळा टॉर्पेडो मासा ठेवायचा, त्यावर दुखरा पाय द्यायचा आणि गुडघ्यापर्यंत बधिरता येईस्तोवर उभे राहायचे. हा मासा विजेचा झटका देतो. वीज म्हणजे काय हे कुणालाच ठाऊक नसतानाचा हा इलाज आहे. मेलझॅक-वॉल यांच्या लेखाने फरक एवढाच पडला, की आता झटका कुठे द्यायचा याला कारण मिळाले.

१९६७ साली क्लीव्हलंडमध्ये नॉर्मन शीली या न्यूरोसर्जननी ते करून पाहिले. आधी मांजरांवर प्रयोग झाले. माणसासाठी लागणारे उपकरण थॉमस मॉर्टिमर या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने जुळवले. पहिला रुग्ण सत्तरीचा होता. कर्करोगाने छातीत आणि पोटात असह्य दुखत होते. मज्जारज्जूच्या मागच्या बाजूला, जिथून स्पर्शाचे जाड तंतू वर जातात तिथे, इलेक्ट्रोड बसवून वीज सोडली. दुखऱ्या भागात झिणझिण्या आल्या आणि दुखणे ओसरले. तो माणूस त्याच्या आजाराने लवकरच गेला, पण एका रुग्णाच्या त्या निरीक्षणातून पुढे मोठा उद्योग उभा राहिला. शीली स्वतः मात्र काही वर्षांतच या शस्त्रक्रियेपासून दूर झाले आणि विस्कॉन्सिनमध्ये पुनर्वसनाचे केंद्र काढून बसले. त्या काळचे इलेक्ट्रोड सरकत, तारा तुटत, आणि सुरुवातीला आलेला गुण पुष्कळांच्या बाबतीत नव्याचे नऊ दिवस ठरे.

याच घडामोडीतून आणखी एक उपकरण निघाले, ते आपल्याकडे तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले आहे. पाठीत इलेक्ट्रोड घालण्याआधी रुग्णाला वीज मानवते का हे पाहण्यासाठी कातडीवर चिकटपट्ट्या लावून मंद प्रवाह देत. कितीतरी रुग्णांना तेवढ्यानेच आराम पडला आणि चाचणीचे साधनच उपचार होऊन बसले. ते टेन्स. फिजिओथेरपीला जाऊन आलेली माणसे ‘आज करंट घेतला’ म्हणतात, त्यातला एक करंट हा असतो. त्याच्या उपयोगाचे पुरावे फारसे भक्कम नाहीत, पण अपायही जवळपास नाही आणि खर्च थोडा. मी त्याला नाक मुरडणार नाही.

पाठीत बसवायच्या उपकरणाची गोष्ट वेगळी. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक तारा, कमरेच्या वर किंवा कुल्ल्यात कातडीखाली बॅटरी, हातात रिमोट. जुन्या पद्धतीत सेकंदाला चाळीस-पन्नास स्पंदने देत आणि दुखऱ्या जागी झिणझिण्या येत. २०१५ साली अमेरिकेत सेकंदाला १०,००० स्पंदने देणाऱ्या उपकरणाला परवानगी मिळाली. त्यात झिणझिण्या येतच नाहीत. जाड तंतूंची वर्दळ म्हणजे आराम, या फाटकाच्या हिशेबात हे नीट बसत नाही, आणि तरी रुग्ण बरे वाटते म्हणतात. सिद्धान्त मागे पडला आणि उपचार पुढे गेला, असे वैद्यकात अनेकदा होते. पण इथे एक गुंता होता. झिणझिण्या येतात तोवर यंत्र चालू आहे की बंद हे रुग्णाला कळतेच. मग खरे किती आणि मनाचे समाधान किती, हे वेगळे काढायचे कसे? झिणझिण्यांविना चालणाऱ्या पद्धती आल्यावरच प्रामाणिक चाचणी शक्य झाली.

अशी एक चाचणी नॉर्वेत झाली आणि २०२२ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापली. कण्याच्या शस्त्रक्रियेनंतरही पायात कळा येत राहिलेले ५० रुग्ण. सगळ्यांच्या पाठीत उपकरण. तीन-तीन महिन्यांचे चार टप्पे: दोनदा यंत्र चालू, दोनदा बंद. कधी चालू आणि कधी बंद हे रुग्णाला सांगितलेले नाही. चालताना, बसताना, उचलताना किती अडचण होते, याचे शंभरपैकी गुण मोजले. यंत्र चालू असताना रुग्ण सुमारे दहा गुणांनी सुधारले. बंद असतानाही जवळपास तेवढेच सुधारले. फरक एक-दीड गुणाचा. पुढच्याच वर्षी कंबरदुखीवर अशा उपकरणांच्या झालेल्या सगळ्या चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेने आढावा घेतला, त्याचाही सूर तोच. वीज देण्याची नॉर्वेतली पद्धत नेहमीची नव्हती असा आक्षेप या उपचाराच्या समर्थकांनी घेतला आणि त्यात तथ्य आहे. तरीही मला त्या निकालातली दुसरी बाजू जास्त बोलकी वाटते. यंत्र बंद असताना सुधारलेले लोक सोंग करत नव्हते. वर्षानुवर्षे कुणी दखल न घेतलेल्या माणसाच्या पाठीत एक मोठा उपाय बसला, नियमित विचारपूस सुरू झाली, आणि मेंदूने वरून सोडायचे हुकूम बदलले. मेलझॅक आणि वॉल यांनी फाटकाच्या या वरच्या बाजूबद्दल सांगून ठेवले होतेच.

मधुमेहाने पायांची आग होणाऱ्यांचे चित्र थोडे आशादायक आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या २१६ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत १०,००० स्पंदनांच्या उपकरणाने औषधांपेक्षा खूप जास्त आराम दिला. घरोघरी मधुमेह असलेल्या आपल्यासारख्या समाजाने याकडे लक्ष ठेवायला हवे, मात्र त्या चाचणीत कुणाच्या पाठीत यंत्र आहे हे सगळ्यांना माहीत होते, हे विसरून चालणार नाही.

आता मेंदूकडे. एफएमआरआय हे तंत्र १९९० नंतर हाती आले. ते न्यूरॉन्सची वीज मोजत नाही. काम करणाऱ्या भागाकडे रक्त जास्त धावते, त्या रक्तातल्या ऑक्सिजनचा माग काढते. वाड्याच्या फाटकावरचे वीजमीटर बघून आत कुठल्या खोलीत पंखा चालू आहे ते ओळखावे, तसा हा प्रकार, फक्त मीटर पुष्कळ आहेत. २०१३ साली टोर वेगर आणि सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांच्या हाताला चटके देऊन मेंदूतला एक नमुना शोधला. नुसती ऊब आणि दुखणारा चटका यांतला फरक त्याला नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा ओळखता आला. प्रेमभंग झालेल्यांना सोडून गेलेल्या व्यक्तीचे छायाचित्र दाखवले तेव्हाही तो सहसा फसला नाही. वर्तमानपत्रांना वाटले, वेदनामापक सापडला. पण हाताचा चटका आणि बारा वर्षांची कंबरदुखी या एक गोष्टी नव्हेत. शिकागोचे वान्या अपकारियन यांच्या गटाने नुकत्याच कंबर धरलेल्या लोकांचा वर्षभर मागोवा घेतला, तेव्हा दिसले की दुखणे मुरत जाते तसे ते मेंदूत जागा बदलते. सुरुवातीला संवेदनेच्या भागांत दिसणारी हालचाल पुढे भावना आणि प्रेरणा सांभाळणाऱ्या भागांकडे सरकते. कुणाची कंबर बरी होणार आणि कुणाची वर्षभर धरणार, याचा अंदाज कण्याच्या फोटोपेक्षा मेंदूच्या पुढच्या भागातल्या जोडण्यांवरून बरा बांधता आला. जुन्या दुखण्यात मेंदूचा करडा भाग काही ठिकाणी विरळ होतो असेही दिसले आहे. घाबरून जायचे कारण नाही. खुब्याचा सांधा बदलून दुखणे गेलेल्यांमध्ये हा विरळपणा काही अंशी भरून आला.

न्यायालयांना आणि विमा कंपन्यांना अशा प्रतिमांचा मोह पडणारच. २०१७ साली वेदना-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने नेमलेल्या गटाने याबद्दल स्पष्ट मत दिले: माणूस दुखतंय म्हणत असेल तर मेंदूची प्रतिमा दाखवून त्याला खोटे ठरवू नये. माझ्या पक्षपाताला एवढा भक्कम आधार मिळाल्याचा मला आनंद आहे.

या क्षेत्रातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रयोग फक्त चार माणसांवर झालेला आहे. तो २०२३ च्या मे महिन्यात ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये आला, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को केंद्रातले प्रसाद शिरवळकर त्याचे प्रमुख. (आडनाव ओळखीचे वाटून मराठी वाचक क्षणभर थांबेल, थांबायला हरकत नाही.) तिघांना पक्षाघातानंतरचे दुखणे होते, एकाला कापलेल्या पायाचे. कुठल्याही औषधाने हटत नव्हते. त्यांच्या मेंदूत दोन ठिकाणी इलेक्ट्रोड बसवले. एक अँटेरियर सिंग्युलेट कॉर्टेक्स, म्हणजे दोन गोलार्धांमधल्या भेगेच्या आतल्या अंगाला. दुसरे ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स, डोळ्यांच्या खोबणीच्या वर, कपाळामागे. पहिल्या जागेला इतिहास आहे. त्या भागातले तंतू छेदलेले जुने रुग्ण म्हणत, दुखतंय तसंच, पण आता त्याचा जाच होत नाही. त्यामुळे खूण तिथेच सापडेल अशी कुणाचीही अपेक्षा असती.

मग ही माणसे घरी गेली. इथवर वेदनेचे बहुतेक संशोधन प्रयोगशाळेतल्या चटक्यांवर चालले होते. इथे दिवसातून काही वेळा, चहा पिताना, टीव्ही बघताना, रात्री झोप मोडल्यावर, माणूस आपले दुखणे किती ते नोंदवी आणि रिमोटचे बटण दाबी. त्यासरशी मेंदूच्या अर्ध्या मिनिटाच्या हालचालीची नोंद होई. हे तीन ते सहा महिने चालले. त्या आकड्यांशी नोंदी जोडून संगणकाला शिकवले, तेव्हा नुसत्या नोंदीवरून आज जास्त दुखते आहे की कमी, हे त्याला बऱ्यापैकी सांगता येऊ लागले. जुन्या दुखण्याची खूण मिळाली ती मुख्यतः कपाळामागच्या भागात. प्रयोगशाळेत गरम चकती लावून आणलेले तात्पुरते दुखणे सिंग्युलेटमध्ये जास्त उमटले. म्हणजे तव्याचा चटका आणि वर्षानुवर्षे सोबत असलेला ठणका यांचे मेंदूतले पत्ते वेगळे निघाले. प्रत्येकाची खूण थोडी निराळी होती. एकाच्या मेंदूवर शिकलेले यंत्र दुसऱ्यावर जसेच्या तसे चालवता आले नसते. बटण दाबणाऱ्या माणसाचा आकडा काढून टाकला, तर त्या नोंदींत वाचण्यासारखे काहीच उरत नाही.

या प्रयोगाचे पुढचे पाऊल उपचाराचे आहे: खूण वर चढली की तेवढ्यापुरती वीज सोडायची, उतरली की थांबायचे. सतत वीज देण्यात एक जुनी अडचण आहे, मेंदूला तिची सवय होते. १९६९ साली डेव्हिड रेनल्ड्स यांनी मध्यमेंदूतल्या एका करड्या पट्ट्यात वीज देऊन उंदरांवर भूल न देता पोटाची शस्त्रक्रिया करून दाखवली आणि सत्तरच्या दशकात माणसांच्या मेंदूतही दुखण्यासाठी इलेक्ट्रोड बसू लागले. सुरुवातीचे निकाल डोळे दिपवणारे होते. पण पुढे अमेरिकेतल्या मोठ्या चाचण्या अपेक्षेला उतरल्या नाहीत आणि कंपन्यांनी हात आखडता घेतला. तेच तंत्र, डीबीएस, पार्किन्सनच्या कंपासाठी वापरले तेव्हा त्याचे भाग्य उजळले. मुंबई-पुण्यात डीबीएस म्हटले की लोकांना पार्किन्सनच आठवतो. त्याची सुरुवातीची एक वाट दुखण्यातून निघाली होती हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

कवटी न उघडता चुंबकाने मेंदूत प्रवाह निर्माण करण्याचे तंत्र, टीएमएस, शेफिल्डच्या अँथनी बार्कर यांनी १९८५ मध्ये दाखवले. मज्जातंतूंच्या दुखण्यात हात-पाय हलवणाऱ्या भागावर सेकंदाला दहा स्पंदने देऊन आराम पडतो, याला आता चांगला आधार आहे. हालचालीच्या भागाला टोचून दुखणे का कमी व्हावे, याचे उत्तर अजून कच्चे आहे. आराम टिकत नाही, पुन्हा पुन्हा जावे लागते, आणि जिल्ह्याच्या गावाहून आठवड्यातून चारदा पुण्याला येणे हे दुखऱ्या माणसाला कितपत परवडणार, हा प्रश्न कुठल्याही चाचणीत विचारलेला नसतो.

पाठीतले उपकरण आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांत बसवतात. खर्च काही लाखांच्या घरात जातो. कायमचे बसवण्याआधी काही दिवसांची तालीम असते. तारा आत, बॅटरी बाहेर पट्ट्याला, आणि रुग्ण घरी. दुखणे निम्म्याने कमी झाले असे रुग्णाने सांगितले, तर पुढची शस्त्रक्रिया. निर्णय पुन्हा एका आकड्यावर येऊन ठेपतो, आणि आपल्या घरांत हा आकडा एकट्या रुग्णाचा राहत नाही. मुलाने कर्ज काढले आहे हे ठाऊक असलेला बाप सहाचे तीन सांगतो. सगळे डोळे लावून बसलेले असताना ‘काही फरक नाही’ म्हणायला त्याची जीभ रेटत नाही. डॉक्टरांनी तालमीच्या शेवटी नातेवाइकांना दहा मिनिटे बाहेर बसवावे आणि आकड्याबरोबर रात्री किती वेळा जाग आली, दुकानापर्यंत चालत जाता आले का, किती गोळ्या घेतल्या, हेही विचारून लिहून ठेवावे.